बुद्धिबळपटू सुलतानखान

वऱ्हाडात उन्हाळ्याची दुपार फार लांबते. पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, काळी जमीन भेगाळून तापत पडलेली असते आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत शेतकऱ्याच्या हाताला फारसे काम नसते. अशा दिवसांत अमरावती-अकोल्याकडील खेड्यांतून पूर्वी एखाद्या वाड्याच्या ओसरीवर बुद्धिबळाचा कापडी पट पसरला जाई. रंग उडालेले लाकडी मोहरे मांडले जात. खेळणारे दोघेच; पण भोवती कोंडाळे करून बसलेल्या प्रत्येकाला पुढची चाल ठाऊक असे! ऊन भिंतीवरून खाली सरके, माठातले पाणी संपे, तरी डाव संपत नसे.

या ओसरीवरच्या खेळाचे नियम आजच्या शालेय स्पर्धांतील नियमांहून वेगळे होते. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरके. दोन घरांची मुभा त्याला नसे. राजा आणि हत्ती यांनी एकाच चालीत जागा बदलून राजाने कोपऱ्याच्या आश्रयास जाणे, म्हणजेच किल्लेकोट करणे, हेही जुन्या पद्धतीत नव्हते. त्याऐवजी राजाला शह बसण्यापूर्वी एकदाच घोड्याप्रमाणे अडीच घरांची उडी घेता येई. शेवटच्या ओळीत पोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात उतरे तोच मोहरा होई. वाटेल तो मोहरा मागून घेण्याची सोय नव्हती. प्रतिपक्षाचे सारे सैन्य मारून त्याचा राजा एकटा पाडला तर ती बुर्जी. जाणत्या खेळाडूंना तिचे फारसे कौतुक नसे. प्याद्याने मात केली, तर मात्र जिंकणारा मिशीला पीळ भरी.

प्यादी एकेक पाऊल टाकीत असल्यामुळे दोन्ही सैन्यांची गाठ पडावयास पुष्कळ वेळ लागे. तोपर्यंत आपले मोहरे नीट रचावे, एकाच्या पाठीशी दुसऱ्याचा जोर ठेवावा आणि प्रतिपक्षाला घाई झाली की त्याचा फायदा घ्यावा, अशी या खेळाची रीत होती. प्रांतोप्रांती नियमांत थोडाफार फरक असे. पण वऱ्हाडापासून पंजाबपर्यंत खेळाचा पिंड एकच होता.

याच पद्धतीचा खेळ पंजाबातील मिठा टिवाना नावाच्या खेड्यात एका मुलाला त्याच्या वडिलांनी शिकविला. मुलाचे नाव सुलतान. हे खेडे आज पाकिस्तानातील खुशाब जिल्ह्यात आहे. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी सुलतानचा जन्म झाला. वडील मियाँ निजामुद्दीन हे धार्मिक वृत्तीचे गृहस्थ असून त्या भागात त्यांना मान होता. सुलतान नऊ वर्षांचा असताना त्यांनी त्याला पटापुढे बसविले. मुलगा अबोल होता. पण त्याची नजर पटावरून ढळत नसे. पाहता पाहता तो घरातील मोठ्यांना हरवू लागला आणि विशी ओलांडतो न ओलांडतो तोच पंजाबातील सर्वांत बलवान खेळाडू म्हणून त्याचे नाव झाले.

त्या भागात सर उमर हयात खान टिवाना नावाचे एक बडे जमीनदार होते. सैन्यात त्यांना मोठा हुद्दा होता आणि सरकारदरबारी वजन होते. त्यांना बुद्धिबळाचा नाद होता व चांगल्या खेळाडूंना ते आश्रय देत. त्यांनी सुलतानला आपल्याकडे बोलावून घेतले आणि युरोपातील नियमांप्रमाणे खेळावयास शिकविण्याची व्यवस्था केली. १९२८ साली अखिल भारतीय स्पर्धा झाली. तीत सुलतान नऊ डाव खेळला. आठ जिंकला, एक बरोबरीत सुटला. आता तो साऱ्या हिंदुस्थानचा विजेता सुलतानखान झाला होता.

पुढल्याच वर्षी, १९२९ च्या वसंत ऋतूत, सर उमर यांनी सुलतानखानांना आपल्याबरोबर लंडनला नेले. तेथे त्यांच्या सरावासाठी मुद्दाम एक छोटी स्पर्धा भरविण्यात आली. विल्यम विंटर, फ्रेडरिक येट्स असे नाणावलेले इंग्रज खेळाडू तीत होते. हिंदुस्थानचा हा विजेता काय चमत्कार करतो हे पाहण्यास लोक उत्सुक होते. स्पर्धा संपली तेव्हा सुलतानखान अखेरच्या स्थानावर होते. एवढेच की, त्या स्थानाला आणखी एक वाटेकरी होता.

असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. युरोपात प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे मिळाल्यापासून खेळाला विलक्षण वेग आला होता. चारदोन चालींत सैन्ये भिडत. साहजिकच डावाच्या आरंभाला फार महत्त्व आले. कोणत्या चालीला कोणते उत्तर द्यावे यावर तेथे शेकडो वर्षे ग्रंथ लिहिले जात होते. चांगला खेळाडू पहिल्या दहाबारा चाली घरूनच तयार करून येई. सुलतानखानांच्या तरुणपणी हे ग्रंथ त्यांच्या वाट्याला आले नव्हते. ज्या गोष्टी प्रतिस्पर्ध्याला पाठ होत्या, त्या त्यांना पटावर बसून, घड्याळाच्या टिकटिकीत, नव्याने शोधून काढाव्या लागत. डाव मध्यावर आला की त्यांची बुद्धी तळपू लागे, आणि मोहरे थोडे उरले म्हणजे तर त्यांच्याशी गाठ नको असे प्रतिपक्षाला वाटे. पण तोवर पुष्कळदा आरंभीच्या चुकांनी नुकसान होऊन गेलेले असे.

विंटर आणि येट्स यांनी या अपयशाची थट्टा केली नाही, हे त्यांच्या मोठेपणाचे लक्षण होय. ते सुलतानखानांबरोबर सराव करू लागले. युरोपीय आरंभांतील मुख्य मुख्य वाटा त्यांनी त्यांना दाखविल्या. त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेट या समुद्रकाठच्या गावी ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. साम्राज्यातील खेळाडूंना ती खुली होती. थोड्याच महिन्यांपूर्वी अखेरचे स्थान पत्करावे लागलेला हा पंजाबी तरुण त्या स्पर्धेत पहिला आला.

पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना सुलतानखान वजिरापुढील प्याद्याचा आरंभ पुष्कळदा करीत. त्याचे कारण खेळणाऱ्या मुलांच्या ध्यानात सहज येईल. राजापुढील प्यादे दोन घरे पुढे टाकले, तर त्याच्या पाठीशी कोणाचा जोर नसतो. पट झटकन उघडतो आणि लढाईला लगेच तोंड लागते. वजिरापुढील प्यादे तितकेच पुढे टाकले, तर त्याच्या मागे वजीर उभाच असतो. पट बराच काळ बंद राहतो, मोहरे रचण्यास अवकाश मिळतो आणि धीराच्या खेळाडूला आपला धीर वापरता येतो. ओसरीवरच्या जुन्या खेळाशी याचे काहीसे नाते आहे. दोन घरांचे पाऊल नवे होते, पण त्या पावलाने जो रस्ता धरला तो सुलतानखानांच्या ओळखीचा होता.

इंग्लंडातील हवा मात्र त्यांना कधीच मानवली नाही. हिवताप त्यांचा पिच्छा सोडीत नसे. त्यात सर्दी आणि घसा यांचे दुखणे. गळ्याभोवती पट्टी बांधून ते खेळावयास बसत. डावानंतर इतर खेळाडू एकत्र जमून चालींची चर्चा करीत. भाषा परकी असल्यामुळे त्या चर्चेत सुलतानखानांचा सहभाग थोडाच असे. चेहऱ्यावर आनंद नाही की खेद नाही. जिंकले काय किंवा हरले काय, पाहणाऱ्याला काही कळत नसे.

अजिंक्यपद मिळवून ते मायदेशी परतले आणि १९३० च्या मे महिन्यात पुन्हा युरोपात गेले. ते वर्ष हिंदुस्थानच्या इतिहासात गाजलेले आहे. देशभर मिठाचा सत्याग्रह चालू होता. वऱ्हाडाला समुद्र नाही. म्हणून अकोल्याजवळील दहिहंडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून लोकांनी कायदा मोडला. आणि त्याच वर्षी जुलैत जर्मनीतील हँबर्ग येथे निरनिराळ्या राष्ट्रांच्या संघांचे बुद्धिबळाचे सामने झाले, तेव्हा इंग्लंडच्या संघात पहिल्या पटावर एक हिंदी माणूस बसला होता. पुढे १९३१ साली प्राग येथे व १९३३ साली फोकस्टोन येथेही इंग्लंडने पहिला पट त्यांच्याकडेच सोपविला. राज्य करणाऱ्यांना आपला अग्रणी राज्य केल्या जाणाऱ्यांतून घ्यावा लागला, ही गोष्ट त्या काळी हिंदी लोकांच्या नजरेतून सुटली असेल असे वाटत नाही.

बेल्जममधील लीएज येथे १९३० साली सुलतानखान दुसरे आले. त्यानंतर आली हेस्टिंग्जची स्पर्धा. हेस्टिंग्ज हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील गाव. नाताळच्या सुमारास तेथे दरवर्षी मोठी स्पर्धा भरे. १९३०-३१ च्या स्पर्धेत दहा खेळाडू होते आणि त्यांत क्यूबा देशाचा होसे राऊल कापाब्लांका हा होता.

कापाब्लांका हे नाव उच्चारताच त्या काळचे खेळाडू दबकत. वयाच्या चौथ्या वर्षी, वडिलांचा खेळ नुसता पाहून, तो बुद्धिबळ शिकला होता. १९२१ पासून १९२७ पर्यंत तो जगज्जेता होता. १९१६ पासून १९२४ पर्यंत, म्हणजे आठ वर्षे, महत्त्वाच्या सामन्यांत तो एकही डाव हरला नव्हता. त्याच्या खेळात घाई नसे, चूक नसे, कष्टही दिसत नसत. असा हा मनुष्य काळे मोहरे घेऊन सुलतानखानांसमोर बसला.

सुलतानखानांनी प्रथम घोडा बाहेर काढला आणि दुसऱ्या चालीला वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे टाकले. तिसऱ्या चालीला त्याच्या शेजारचे, उंटापुढील प्यादेही तितकेच पुढे गेले. कापाब्लांकाने आपला उंट बाजूच्या घरात बसवून पटाच्या लांब तिरप्या रेषेवर त्याची नजर रोखली. मध्यभागी दोन्ही पक्षांची प्यादी एकमेकांसमोर येऊन अडून बसली. आठव्या चालीला कापाब्लांकाने किल्लेकोट करून राजा सुरक्षित केला. कोणीही शहाणा खेळाडू तेच करील. सुलतानखानांनी मात्र या साऱ्या डावात किल्लेकोट केलाच नाही. त्यांचा राजा मधल्याच घरात राहिला आणि राजाच्या बाजूची प्यादी ते एकेक करून पुढे ढकलू लागले. युरोपीय ग्रंथ वाचून तयार झालेल्या खेळाडूला हे धाडस अनाठायी वाटले असते. परंतु किल्लेकोट ठाऊकच नसलेल्या खेळात ज्याचे बालपण गेले, त्याला उघड्यावरच्या राजाचे भय कमी असते. पटाचा मध्य बंद आहे, शत्रूला आत येण्यास वाट थोडी आहे, हे त्यांनी हेरले होते.

कापाब्लांकाने एकुलत्या मोकळ्या उभ्या ओळीत आपले दोन्ही हत्ती एकामागे एक उभे केले आणि एकविसाव्या चालीला पहिला हत्ती थेट पांढऱ्या राजाच्या ओळीत घुसवून शह दिला. राजा एक घर वर सरकला. लगेच दुसऱ्या हत्तीचा शह. वजिराने एक हत्ती मारला, तो मारणारा वजीर उरलेल्या हत्तीला बळी पडला, आणि तो हत्ती सुलतानखानांच्या राजाने स्वतः मारला. चोवीस चाली झाल्या तेव्हा पटाचे चित्र असे होते : पांढऱ्याकडे दोन हत्ती आणि दोन उंट, काळ्याकडे वजीर, एक उंट आणि एक घोडा, प्यादी दोन्हीकडे सात-सात.

दोन हत्ती आणि एक वजीर यांचे मोल जवळजवळ सारखेच मानतात. पण मोल नुसत्या मोहऱ्यात नसते, तो ज्या जागी उभा आहे त्या जागेतही असते. वजिराला धावावयास मोकळे रान लागते. हा पट तर प्याद्यांच्या कुंपणांनी कोंडलेला होता. काळा वजीर शह देत पुढे आला आणि पांढऱ्या राजाच्या डाव्या अंगाला शिरून एका प्याद्यावर चालून गेला. सुलतानखानांनी एका हत्तीने ते प्यादे सांभाळले आणि दुसरा हत्ती मोकळ्या ओळीत आणून वजिराच्या अंगावर घातला. वजीर मागे हटला. एक प्यादे पुढे सरकले. चार-पाच चालींत तो बलाढ्य वजीर आपल्या घराजवळ परत येऊन बसला होता.

यापुढचा खेळ पाहणाऱ्याला कंटाळवाणा वाटला असता. त्यात झेप नाही, बलिदान नाही, टाळी घेणारी एकही चाल नाही. हत्ती एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जातात, उंट घर बदलतात, राजा एकदोन पावले फिरून येतो. पण दर खेपेस काळ्याला हलावयास जागा थोडी कमी उरते. किल्ल्याला वेढा घालून बसलेला जुना सेनापती जसा घाईने चढाई करीत नाही, पाणी आणि दाणागोटा तोडून वाट पाहतो, तसे हे होते. चाळीस चाली झाल्या, पन्नास झाल्या, साठ झाल्या. अखेर पासष्टाव्या चालीला कापाब्लांकाने डाव सोडला.

त्या स्पर्धेत हॉलंडचा मॅक्स यूवे सात गुण मिळवून पहिला आला, कापाब्लांका साडेसहा गुणांनी दुसरा आणि सुलतानखान सहा गुणांनी तिसरे. हाच यूवे पुढे १९३५ साली जगज्जेता झाला. कापाब्लांका मोठ्या मनाचा होता. आरंभाचे ग्रंथ हाती नसताना, एका पद्धतीचा खेळ विसरून दुसऱ्या पद्धतीचा शिकावा लागत असताना जो माणूस विजेता होतो त्याची प्रतिभा असामान्यच म्हटली पाहिजे, अशा आशयाचे त्याने पुढे लिहून ठेवले.

त्यानंतरची तीन वर्षे भराभर गेली. १९३१ च्या जानेवारीत तार्ताकोवर याच्याशी बारा डावांचा सामना झाला. सुलतानखान चार डाव जिंकले, तीन हरले, पाच बरोबरीत सुटले. त्याच वर्षी प्राग येथे त्यांनी फ्लोर व रुबिनस्टाइन यांना हरविले आणि जगज्जेता अलेखिन याला बरोबरी मान्य करावयास लावली. १९३२ आणि १९३३ साली ते पुन्हा ब्रिटिश विजेते झाले. १९३३ साली सर उमर यांच्याच घरातील फातिमा नावाच्या तरुणीने स्त्रियांचे ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले, आणि तेही इतरांना फार मागे टाकून. एकाच बिऱ्हाडात एकाच वर्षी दोन्ही अजिंक्यपदे आली!

या बिऱ्हाडात सुलतानखानांचे स्थान नेमके कोणते होते, यावर पुढे बराच वाद झाला. अमेरिकेचा खेळाडू रूबेन फाइन याने आठवण लिहिली आहे की, आपला संघ सर उमर यांच्याकडे मेजवानीस गेला असता ज्याला भेटावयास आपण आलो तो विजेता पाहुण्यांना वाढीत होता, आणि ते पाहून आपल्याला संकोच वाटला. पुष्कळ पाश्चात्य लेखकांनी यावरून सुलतानखानांना निरक्षर चाकर ठरवून टाकले. त्यांच्या वंशजांना हे मुळीच मान्य नाही. सुलतानखान स्वतः जमीन असलेल्या, प्रतिष्ठित घराण्यातील होते व त्यांना लिहितावाचता येत होते, असे ते सांगतात. आपल्याकडे घरी आलेल्या पाहुण्याला घरच्या माणसाने वाढणे हा मान समजला जातो; परक्याच्या डोळ्यांना त्यात चाकरी दिसली असणे अशक्य नाही. मात्र एवढे खरे की, युरोपातील प्रवास आणि मुक्काम हे सारे सर उमर यांच्या आश्रयावर अवलंबून होते. १९३३ च्या डिसेंबरात सर उमर हिंदुस्थानात परत आले आणि त्यांच्याबरोबर सुलतानखानही परत आले. जगातील पहिल्या दहा खेळाडूंत त्यांची गणना होत असताना हे घडले. युरोपातील पटावर ते पुन्हा कधी बसले नाहीत.

१९३५ साली महाराष्ट्राचे नामांकित खेळाडू व्ही. के. खाडिलकर यांच्याशी त्यांचा सामना झाला. खाडिलकर हे काही ऐरागैरा खेळाडू नव्हते. इंग्लंडात जाऊन ते ब्रिटिश अजिंक्यपदाच्या स्पर्धेत खेळून आले होते. दहा डाव झाले. खाडिलकरांना एक डाव बरोबरीत सोडविता आला; बाकीचे नऊ सुलतानखानांनी जिंकले. हाच त्यांचा अखेरचा मोठा सामना.

मग ते शेतीकडे वळले. सरगोधा भागात त्यांची जमीन होती; तेथे ते कुटुंबासह राहिले. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि तो मुलूख पाकिस्तानात गेला. त्यांना मुलेबाळे झाली, पण मुलांना त्यांनी बुद्धिबळ शिकविले नाही. आयुष्यात याहून उपयोगाचे काहीतरी करा, असे ते मुलांना सांगत. ज्या बापाने नऊ वर्षांच्या मुलाला पटापुढे बसविले त्याचा मुलगा, स्वतः बाप झाल्यावर, पट गुंडाळून ठेवतो. यामागे कडवटपणा होता की शेतकऱ्याचा रोखठोक व्यवहार होता, ते त्यांनी कोणाला उलगडून सांगितले नाही.

१९५० साली बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने ग्रँडमास्टर हा किताब प्रथमच अधिकृतपणे दिला. सत्तावीस खेळाडूंची यादी जाहीर झाली. तीत रुबिनस्टाइन होता, तार्ताकोवर होता, फ्लोर होता. या तिघांनाही सुलतानखानांनी पटावर नमविले होते. यादीत सुलतानखानांचे नाव नव्हते. सतरा वर्षे स्पर्धेत न दिसलेल्या, दूरच्या एका खेड्यात शेती करणाऱ्या माणसाची कोणाला आठवण झाली नाही. सरगोध्यातच २५ एप्रिल १९६६ रोजी क्षयाच्या विकाराने त्यांचे निधन झाले.

पुढे काळ बदलला. १९८८ साली विश्वनाथन आनंद हा भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला. मग हा किताब मिळविणारी मुले गावोगावी निघू लागली. वऱ्हाडातही, जेथे एके काळी ओसरीवर कापडी पट पसरला जात होता, तेथील अमरावतीचा स्वप्निल धोपाडे २०१५ साली ग्रँडमास्टर झाला. त्यानंतर नऊ वर्षांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, जागतिक संघटनेने सुलतानखानांना मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब दिला. संघटनेच्या अध्यक्षांनी तो पाकिस्तानच्या काळजीवाहू पंतप्रधानांच्या हाती सुपूर्त केला. कापाब्लांकाने तो डाव सोडला, त्याला तेव्हा त्र्याण्णव वर्षे होऊन गेली होती.